क्षमा केली, अर्ज मात्र ठेवला



दशलक्षणाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा. नेमक्या त्याच दिवशी बस्तीच्या पायरीवर एका काकूंनी मला अडवलं. "अगं, पोराविरुद्ध पोलिसात जायचं का? आपण जैन ना?"

झालं होतं असं. मी विद्यापीठात शिकवते. परीक्षेत एकाची कॉपी पकडली आणि आठवड्याभरात माझा फोटो लावलेलं खोटं खातं निघालं. त्यावर काय होतं ते इथं लिहीत नाही. रात्री दोन-दोन वाजता मेसेज यायचे. मी काय केलं? सगळे पुसून टाकले! घाण दिसली की पुसायची, ही आपली घरची सवय. तिथंच चुकले, पुरावाच गेला. पुढचे मेसेज मात्र तारीख, वेळ आणि खातं दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवले. "पुन्हा मेसेज करू नका" एवढं एकदाच लिहिलं. वाद घातला नाही.

मग अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी अर्ज दिला. शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांच्या आत तो द्यावा लागतो, हे आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे? सायबर पोलिसांकडेही गेले. बाईनं नको म्हटल्यावरही पुरुषानं तिच्या मागे लागणं, मग ते फोनवरून का असेना, भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार गुन्हा आहे.

राहिला काकूंचा प्रश्न. आपल्याकडे हिंसा चार प्रकारची सांगितली आहे: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थानं पूर्ण सोडायची ती संकल्पी, जाणूनबुजून केलेली. स्वतःच्या रक्षणासाठी करावा लागणारा विरोध त्यात येत नाही. आणि मी तर नुसता कागद लिहिला होता! तोही राग उतरेपर्यंत तीनदा फाडून. पहिल्या कागदावर जे होतं ते क्षमेत बसणारं नव्हतं, हे कबूल करते.

मुलगा आई-वडिलांना घेऊन घरी आला. आई रडत होती. मी चहा केला, त्याला मनापासून क्षमा केली. "मग अर्ज मागे घ्या ना मॅडम," वडील म्हणाले. नाही घेतला. पुढच्या वर्षी आमच्या विभागात नवी मुलगी शिकवायला येणार आहे, पंचविशीतली. मी गप्प बसले असते तर पुढची पाळी तिची होती.

काकू अजून रुसल्या आहेत. क्षमावाणीला मीच त्यांच्याकडे जाणार आहे.