अब्बांचे डोळे आणि साडेअकराची वेळ

माझे अब्बा पहाटे साडेपाचला गेले. वडगाव रासाईत भीमेच्या काठावर आमची मुसलमानांची घरं मोजकीच. फजरची नमाज आटोपून माणसं थेट आमच्या दारात आली. पाठोपाठ उसाच्या रानातून शेजारी आले, नदीपलीकडून दौंडचे पाहुणे निघाले. दफन जोहरनंतर करायचं ठरलं.

अब्बांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर पुन्हा स्वच्छ दिसू लागलं, तेव्हाच ते म्हणाले होते, "मातीत जाण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येऊ देत." पाच वक्तांचे नमाजी होते ते. त्यांनी हा निर्णय दीन सोडून नाही, दीन धरून घेतला होता.

बुबुळाचा पारदर्शक पडदा मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावा लागतो. म्हणजे साडेअकरापर्यंत वेळ होती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, मुदत म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. सात वाजता मी विषय काढला. चाचा म्हणाले, "मय्यतीला हात लावायचा नाही. अमानत आहे ती अल्लाहची. तुला काय हमीद दलवाई व्हायचंय?" मी गप्प बसलो. मग गुस्ल झालं, कफन झालं. साडेअकरा कधी वाजले ते मी घड्याळात पाहिलंसुद्धा. फोन मात्र केला नाही.

जोहरनंतर दफन झालं. नेत्रदान झालं असतं तरी दफनाला एका मिनिटाचा उशीर झाला नसता.

आठवड्याने ऑफिसात एका मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "मेल्यावर शरीर म्हणजे बंद पडलेलं हार्डवेअर. तुमच्या धर्मामुळे हे होतं." चाचांच्या बोलण्याने मी जेवढा दुखावलो, तेवढाच याच्याही. तेव्हापासून या दोघांना काय उत्तर द्यावं याचा विचार करतोय.

आधी मित्राचं. पडदा किती तास टिकतो, तो दुसऱ्याच्या डोळ्यात कसा बसवायचा, हे विज्ञान सांगतं. तो द्यावा की नाही, हे विज्ञान सांगत नाही. मूत्रपिंड बदलण्याचं तंत्र आपल्या देशात आलं तेव्हा त्याच ज्ञानावर गरिबांची मूत्रपिंडं विकली गेली. म्हणून १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा करावा लागला. तंत्र तेच होतं. चुकली होती ती नीती. शरीराला नुसतं हार्डवेअर म्हणणाऱ्याने हा बाजार आठवावा. मय्यतीची हुरमत राखायची, हा चाचांचा आग्रह मला तरी मागासलेपणा वाटत नाही.

आता चाचांचं. त्यांच्या बोलण्यात तीन गोष्टी एकात एक गुंतल्या होत्या.

पहिली, मय्यत विद्रूप होईल. हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पाहून मिळतं. टीम घरी येते, वीसेक मिनिटांत काम होतं, पापण्या मिटलेल्या राहतात, चेहऱ्यात फरक दिसत नाही. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचेही डोळे चालतात. इथे श्रद्धेने विज्ञानाशी भांडायचं कारणच नाही.

दुसरी, कयामतच्या दिवशी माणूस आंधळा उठेल. हा ईमानचा प्रश्न आहे, प्रयोगशाळेत सुटणारा नाही. पण ईमानच्याच भाषेत विचारतो: जे समुद्रात बुडाले, जे आगीत जळाले, त्यांना जो पुन्हा उठवणार आहे, त्याला एका पातळ पडद्याची अडचण होईल?

तिसरी, शरीर अमानत आहे, आपल्या मालकीचं नाही. हा आक्षेप गंभीर आहे. भारतातल्या अनेक उलेमांचा अवयवदानाला विरोध आहे, तो याच कारणाने. पण जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ सालीच मृताच्या किंवा वारसांच्या संमतीने अवयव घ्यायला मोकळीक दिली. कराचीचे अब्दुल सत्तार एधी ८ जुलै २०१६ रोजी गेले. त्यांना सगळेच अवयव द्यायचे होते. आजारपणामुळे फक्त डोळेच उपयोगी पडले. त्यांना कोणी बेदीन म्हणेल का? दोन्ही बाजूंना आलिम असतील, तर निवड कोणी करायची? ज्याचं शरीर आहे त्याने. अब्बांनी ती केली होती.

इथेच मला दलवाईंच्या टोमण्याचं उत्तर सापडलं. हमीद दलवाई ३ मे १९७७ रोजी गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता त्यांचं दहन झालं. अब्बांना ते पटलं नसतं. त्यांना जनाजा हवा होता, कबर हवी होती आणि डोळेही द्यायचे होते. दोघांचा रस्ता वेगळा, पण हक्क एकच: माझ्या देहाचं काय करायचं ते मी ठरवणार. धर्मनिरपेक्ष नीती म्हणजे मला एवढंच कळतं. ती नमाजीचंही रक्षण करते आणि न मानणाऱ्याचंही. मी तेव्हा चाचांना म्हणायला हवं होतं, "मला दलवाई व्हायचं नाही. मला अब्बांचा मुलगा व्हायचंय."

आपल्या पिढीची एक सवय मला खटकते. विज्ञानाचा नवा शोध लागला की आपण म्हणतो, हे तर चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. यात ईमानचा मान वाढत नाही. उद्या तो शोध चुकीचा ठरला तर काय करणार? अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, प्रकाशच बाहेरून डोळ्यात येतो, हे मांडलं. त्याने जुन्या ग्रीक पंडितांचं म्हणणं तपासलं, प्रयोग केले. आपण त्याचं नाव अभिमानाने घेतो, मग घरात एक प्रश्न विचारताना जीभ का अडखळते?

माझी तरी अडखळली. खरं सांगायचं तर त्या सकाळी श्रद्धा आणि विज्ञान यांचं भांडण झालंच नाही. चार माणसांसमोर वाईट दिसू नये, एवढ्यासाठी मी अब्बांचा शब्द मोडला. पुष्कळदा आपण ज्याला धर्माची अडचण म्हणतो, ती लोकलाजेची अडचण असते.

आता मी माझा फॉर्म भरला आहे. पण फॉर्म पुरेसा नसतो, हे मला महागात पडून कळलंय. घरच्यांच्या संमतीशिवाय प्रत्यक्षात कोणी डोळे काढून नेत नाही. म्हणून बायकोला, भावाला आणि अम्मीला समोर बसवून सांगितलं. चाचांनाही सांगितलं. त्यांना अजून पटलेलं नाही. पण ते म्हणाले, "तुझ्या अब्बांनी हे मला स्वतः सांगितलं असतं, तर मी आडवा आलो नसतो."

तुमच्या घरीही कोणाच्या मनात असं काही असेल, किंवा याच्या अगदी उलट असेल, तर ते आजच रात्री जेवताना बोलून घ्या. पहाटे साडेपाचला वाद घालायची ताकद कोणातच नसते आणि साडेअकरा फार लवकर वाजतात.