परत येण्याचा पुरावा

सत्तरीतली बाई परदेशातल्या मुलाकडे दोन महिने राहून येते म्हणाली, तर तिला विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, परत येशील कशावरून? का जातेस, कुणाकडे जातेस, हे सगळं नंतर. आणि उत्तर तोंडी चालत नाही, कागदावर लागतं. माझा आक्षेप या प्रश्नाला नाही. कुणाला आत घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, आणि मुदत संपल्यावर तिथेच राहून जाणारे लोक असतात हेही खरं आहे. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. एक, कुठला कागद पुरावा मानला जातो याला. दुसरी, नकार दिल्यावर जाब विचारायला जागाच ठेवलेली नसते याला.

माझ्या अम्मीचा अर्ज यंदा नाकारला गेला. धाकटा भाऊ बाहेर नोकरीला आहे, भावजयीला पहिलं बाळ झालं, म्हणून अम्मीला जायचं होतं. देशाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तुम्हाला माहीत असलेला कुठलाही श्रीमंत देश तिथे घाला, पत्राचा मजकूर फारसा बदलणार नाही. कागदपत्रं मीच लावली होती. उर्दू आणि मराठी शिकवणं हा माझा पेशा, त्यामुळे घरातला प्रत्येक जुना कागद वाचायला माझ्याकडेच येतो. निकाहनामा उर्दूत, सातबारा आणि रेशनकार्ड मराठीत, पासपोर्ट इंग्रजीत. निकाहनाम्यात अम्मीच्या नावापुढे ‘बी’ आहे, रेशनकार्डावर ‘बेगम’, आधारवर दोन्ही नाही. ही एकच बाई आहे असं प्रतिज्ञापत्र केलं, सगळ्याची इंग्रजी भाषांतरं जोडली.

नकाराच्या पत्रात तीन कारणं होती. अर्जदाराला स्वतःचं नियमित उत्पन्न नाही. तिच्या नावावर मालमत्ता नाही. तिच्या खात्यात अलीकडे मोठी रक्कम जमा झाली असून ती कुठून आली हे स्पष्ट होत नाही. सबब, भेट संपल्यावर ती परत जाईल याबद्दल अधिकाऱ्याचं समाधान झालेलं नाही.

आता एकेक कारण तपासून बघू.

अम्मीला उत्पन्न नाही हे खरंच आहे. अब्बांनी उमेदीची वर्षं आखातात नोकरी केली. त्या नोकरीला पेन्शन नव्हती. अम्मीने कोकणातलं घर, आम्ही मुलं आणि सासू-सासरे सांभाळले, त्याचा पगार कुणी दिला नाही. आज तिचा खर्च आम्ही भावंडं करतो. आपल्याकडे हे उपकार समजले जात नाहीत. कायदाही समजत नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. मुलं सांभाळत नसतील तर आई त्यांच्याकडून निर्वाहखर्च मागू शकते. म्हणजे मुलांनी सांभाळणं हा तिचा इथला कायदेशीर हक्क आहे. व्हिसाच्या टेबलावर मात्र तीच गोष्ट तिची कमजोरी ठरते.

खात्यातली रक्कम भावाने तिकिटासाठी आणि विम्यासाठी पाठवली होती. त्याचं निमंत्रणपत्र, पगाराच्या पावत्या, पैसे पाठवल्याची नोंद, सगळं त्याच अर्जात होतं. मुलाने आईला पैसे पाठवले, यात शोधण्यासारखा उगम कुठला? खात्यात पैसे नसते तर प्रवासाची ऐपत नाही म्हणून अर्ज गेला असता. पैसे आले तर ते संशयास्पद. गरिबाच्या खात्याला दोन्हीकडून मार आहे.

राहिली मालमत्ता. सातबारा अजून आजोबांच्या नावाने आहे. हिस्सेदार अकरा. त्यातले काही मुंबईत, काही आखातात, दोघे हयात नाहीत. वारस नोंदीचं काम तलाठ्यापासून फेरफारापर्यंत किती वर्षं रखडतं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. अम्मी ज्या घरात पन्नास वर्षं राहिली, जिथल्या विहिरीला कधी पाणी लागतं आणि कुठला आंबा कधी उतरवायचा हे तिला विचारल्याशिवाय ठरत नाही, त्या घराच्या कागदावर तिचं नाव नाही. परदेशातल्या अधिकाऱ्याला एवढंच दिसलं.

आणि इथे बोट फक्त त्या अधिकाऱ्याकडे दाखवून चालणार नाही. आपल्या समाजात इस्लामने बाईला वारसा दिला हे भाषणात अभिमानाने सांगितलं जातं. मुलंबाळं असतील तर विधवेचा आठवा हिस्सा, मुलीला भावाच्या निम्मा. कुरआनात स्पष्ट आहे. पण किती सातबाऱ्यांवर हा आठवा हिस्सा चढलेला दिसतो? १९३७ च्या शरियत कायद्याने वारशाचे बाकी प्रश्न आत घेतले आणि शेतजमीन बाहेर ठेवली, आणि त्यावर आपल्या पुढाऱ्यांनी कधी मोर्चा काढल्याचं मी ऐकलेलं नाही. बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, ईदला साडी पाठवली जाते, प्रकरण संपतं. शेजारच्या हिंदू घरांतही कायदा वेगळा असला तरी रीत हीच. मग बाई म्हातारी होते आणि एक दिवस कुणीतरी तिला विचारतं, तुझ्या नावावर काय आहे? तिच्या नावावर काही नसणं हे व्हिसा देणाऱ्याने केलेलं नाही. त्याने फक्त त्या रिकाम्या जागेवर शिक्का मारला.

पण म्हणून तो निर्दोष ठरत नाही. माणूस परत कशासाठी येतो हे त्याला मालमत्तेपलीकडे समजतच नाही, ही त्याची मर्यादा आहे, अम्मीची नव्हे. अब्बांची कबर इथे आहे. गुडघ्याचा डॉक्टर इथे आहे. पहाटेची अजान, मासळीवालीशी घासाघीस, वाडीतल्या चार बायका, स्वतःची भाषा, सगळं इथे आहे. जिथे दुकानात एक शब्द बोलता येणार नाही आणि थंडीत दार उघडता येणार नाही अशा ठिकाणी ती लपून राहील, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोकणातली म्हातारी पाहिलेली नाही. बरं, हे भावनेचं बोलणं सोडून देऊ. कागदच हवा असेल तर तोही होता. ती हजला जाऊन आली, त्याचे जातानाचे आणि येतानाचे शिक्के पासपोर्टवर आहेत. ज्या भूमीत मरण यावं अशी तिच्या वयाच्या कित्येक बायका दुआ मागतात, तिथूनही ती ठरल्या विमानाने परत आली. या शिक्क्यांचा पत्रात उल्लेखसुद्धा नाही.

हे त्या अधिकाऱ्याला सांगायचं कुठे? इथे खरा प्रश्न सुरू होतो. तीन ठिकाणचे कायदे पाहा.

अमेरिकेचा १९५२ चा कायदा, कलम २१४(ब), असं धरून चालतो की भेटीला येणारा प्रत्येक अर्जदार कायमचा राहायला येतो आहे. तसं नाही हे अर्जदाराने सिद्ध करायचं. मुलाखत बहुधा काही मिनिटांची. या नकारावर अपील नाही. २०२३ पासून शुल्क १८५ डॉलर, ते परत मिळत नाही.

ब्रिटनमध्ये पाहुण्यांना असलेला अपिलाचा हक्क १९९३ मध्ये काढून घेतला. २००० मध्ये तो नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांना परत दिला. जून २०१३ मध्ये पुन्हा काढला. सरकारचं म्हणणं होतं की अपिलाला महिनोन्‌महिने लागतात, त्यापेक्षा नवा अर्ज लवकर निकाली निघतो. म्हणजे चूक त्यांची असली तरी शुल्क पुन्हा तुम्ही भरायचं, आणि नव्या अर्जात आधीचा नकार स्वतःच्या हाताने नोंदवायचा. मानवी हक्काचा मुद्दा काढून किंवा न्यायालयात निर्णयाचं पुनर्विलोकन मागून लढता येतं, पण ते वकील परवडणाऱ्याचं काम.

युरोपातल्या शेंगेन देशांनी मात्र २०११ पासून नकाराचं कारण ठरलेल्या नमुन्यात लेखी देणं आणि अपिलाचा हक्क देणं बंधनकारक केलं. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की या अपिलात कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर न्यायालयाचं दार उघडं असलंच पाहिजे. तिथेही नकार मिळतात, भरपूर मिळतात, आणि ९० युरो शुल्क तिथेही परत येत नाही. पण अपील दिल्यामुळे युरोप बुडालेला नाही. अपील देणं अशक्य आहे असं जे सांगतात त्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

आमच्या मोहल्ल्यात नकाराची बातमी पोचली तेव्हा बहुतेकांचं निदान तयार होतं: नाव मुसलमानाचं, म्हणून नाकारलं. मला हे सोपं उत्तर पटत नाही. आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या सासूबाई साताऱ्याकडच्या, कपाळाला कुंकू लावणाऱ्या. त्यांनाही जवळजवळ हेच पत्र आलं होतं. ब्रिटनमध्ये २०१५ पासून अर्जांची लाल, पिवळा, हिरवा अशी वाटणी करणारी संगणकीय पद्धत होती आणि त्यात अर्जदाराचं नागरिकत्व हा एक निकष होता. न्यायालयात आव्हान मिळाल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने ती मागे घेतली. म्हणजे भेदभाव होतो, तो सिद्धही करता येतो, पण त्यासाठी निर्णय कसा झाला हे उघड व्हावं लागतं. ते झाकून ठेवलं की प्रत्येक जण आपापल्या जखमेप्रमाणे कारण शोधतो. मोहल्ल्यातला संशय चुकीचा असेलही, पण तो खोडून काढण्याची सोय ज्यांच्या हातात आहे त्यांनीच ती केलेली नाही.

काही शहाणे म्हणतात, म्हातारपणी जायचंच कशाला? व्हिडिओ कॉल आहे की. त्यांना मी एवढंच विचारते, बाळंतिणीच्या पाठीला तेल व्हिडिओ कॉलवर कसं लावतात?

मागणी फार मोठी नाही. नाकारायचं असेल तर कुठला कागद वाचला आणि कुठला का मानला नाही हे लिहा. बोलावणाऱ्या मुलाची हमी घ्या, हवं तर अनामत घ्या. आधी गेलेला माणूस वेळेवर परत आला असेल तर तो पुरावा मोजा. आणि निर्णय दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून जाऊ द्या. आपल्या सरकारनेही परदेशांशी बोलताना तरुण इंजिनिअरांच्या व्हिसाबरोबर त्यांच्या आयांचा विषय काढावा. त्या कुठल्याच कंपनीच्या कामाच्या नाहीत म्हणून त्यांच्या बाजूने कुणी बोलत नाही.

आणि हे वाचणाऱ्या भावांनो, एक काम तुमचंही आहे. त्यासाठी कुठल्या दूतावासाची परवानगी लागत नाही. तलाठी कार्यालयात जा, वारस नोंदीचा अर्ज द्या, आईचं आणि बहिणींचं नाव लावून घ्या. व्हिसासाठी नव्हे. तो त्यांचा हक्क आहे म्हणून.