काळं पिल्लू पोत्यात भरू नका

मांजर व्याली की काळी पिल्लं पोत्यात भरून ओढ्यापलीकडं सोडायची, हे अजून चालतंय. बंद व्हायला पाहिजे.

मंडळी, रंगाचा हिशोब साधा आहे. तांबडा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आई काळी नि बोका तांबडा असेल तर नर पिल्लू तांबडं निघत नाही. ते काळं किंवा पट्टेरी. माद्यांत मात्र दोन्ही रंगांची मिसळ. म्हणून तिरंगी मांजर जवळपास नेहमी मादीच. पांढरे ठिपके वेगळ्या जनुकाचे. शिवाय एकाच वेताचे बाप दोन बोकेही असू शकतात.

यात अपशकुन कुठं आला? उंदीर धरायला पिल्लू आईकडून शिकतं, रंगावरून नाही. धान्य राखायचंय ना? मग काळंही ठेवा.