कांद्याचे धोरण की लहर?

'नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा', असा उपदेश आपल्या तरुणांना व्यासपीठांवरून अखंड ऐकविला जातो. नाशिक जिल्ह्यातील ज्या तरुणांनी तो मनावर घेतला, त्यांच्या वाट्याला काय आले? वडिलांनी लासलगावात विकलेला कांदा आपण दुबईला नेऊ, या उमेदीने त्यांनी निर्यात परवाना काढला, प्रतवारीची शेड उभारली, कर्ज घेतले.

१९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. २८ ऑक्टोबरला टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य जाहीर झाले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद! ही बंदी ३१ मार्चपर्यंतच होती. पण मुदत संपण्याआधीच, २२ मार्चला, ती बेमुदत झाली. ४ मे २०२४ रोजी उठली, ती ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेले, शुल्क निम्मे झाले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. वीस महिन्यांत सात पावले! सप्तपदी तरी एका दिशेने चालतात.

डिसेंबरच्या अधिसूचनेने जहाजावर चढू लागलेला किंवा सीमाशुल्क खात्याच्या स्वाधीन झालेला माल तेवढा सोडला. सौदा होऊन शेडमध्ये भरून ठेवलेल्या मालाला दया नव्हती. मुरलेला व्यापारी हे सोसतो. त्याच्याजवळ द्राक्षे असतात, डाळिंबे असतात, दोन पिढ्यांची पत असते. नवख्याजवळ एखाददुसरा ग्राहक आणि त्याला दिलेला शब्द. तो मोडला की ग्राहक पाकिस्तानचा कांदा घेतो. बँकेचा हप्ता मात्र कोणत्याही अधिसूचनेने थांबत नाही.

गंमत पाहा. बंदीच्या काळातही सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठविण्यास शासनाने अनुमती दिली, पण ती सरकारने नेमलेल्या सहकारी संस्थेमार्फत. नवउद्योजकाने पाठविला तर देशात टंचाई, आणि शासकीय मार्गाने गेला तर शेजारधर्म, हे कोणते अर्थशास्त्र?

शहरातील गृहिणीला कांदा परवडला पाहिजे, हे मान्यच. त्यासाठीच तर २०२३ मध्ये पाच लाख टनांचा राखीव साठा योजण्यात आला होता. भाव चढताच आधी तो साठा बाजारात उतरवावा. निर्बंध घालावयाचाच असेल, तर तो कोणत्या भावाला लागेल हे हंगामापूर्वी जाहीर करावे आणि आगाऊ रक्कम स्वीकारून झालेले सौदे पुरे करण्याची मुभा ठेवावी. याला नवा कायदा लागत नाही. रात्रीतून बंदी घालणाऱ्या त्याच लेखणीने हेही लिहिता येते.