फ्लॅट रिकामा आहे, पण कोणासाठी?

"आता शहरात कुठे राहिली आहे जात?" असे म्हणणाऱ्यांनी एकदा कांबळे हे आडनाव सांगून पुण्या-मुंबईतल्या 'चांगल्या वस्तीत' टू-बीएचके शोधून पाहावा. एजंट जात विचारत नाही. तो विचारतो, "पूर्ण नाव काय? मूळ गाव कुठलं? नॉनव्हेज खाता का?" तीन प्रश्नांत त्याला हवे ते कळते. मग फोन येतो, "मालकांच्या नात्यातलं कुणीतरी राहायला येतंय." आठवड्याने त्याच फ्लॅटची जाहिरात पुन्हा दिसते.

ही एखाद्या मालकाची विकृती नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त मांडला. दलितांना आणि त्यांच्याहूनही जास्त मुस्लिमांना घर नाकारले जाते, हे त्यातून समोर आले. म्हणजे पगार आहे, डिपॉझिट तयार आहे, तरी दार बंद.

१९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा त्यांना पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले. ओळख उघड होताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शंभर वर्षांनंतर लाठ्या गेल्या. आज सोसायटीचा सेक्रेटरी हसतमुखाने "कमिटीला विचारून सांगतो" म्हणतो. आणि आपली शिकलेली मुले आजही आडनाव गाळून फक्त नाव सांगतात, मालक येणार म्हणून भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो कपाटात ठेवतात.

'फक्त शाकाहारी' ही पाटी स्वच्छतेची किंवा आवडीची नाही. मालकाच्या स्वतःच्या जातीतला, बाहेर जाऊन चिकन खाणारा मुलगा त्या पाटीखालून बिनधास्त आत जातो. त्याच इमारतीत झाडू मारायला, संडास धुवायला, कचरा उचलायला येणारी माणसे बहुतेक आपल्याच वस्तीतली असतात. अनेक टॉवरमध्ये त्यांच्यासाठी लिफ्टही वेगळी. आपले श्रम चालतात, शेजार चालत नाही. गावकूस शहरात आले आणि त्याला सिक्युरिटी गेट हे नाव मिळाले, इतकेच.

यावर ठरलेले उत्तर येते: "माझं घर, माझी मर्जी." तुम्ही राहता ते घर तुमचे, मान्य. पण जे घर जाहिरात देऊन बाजारात मांडले, ज्याचे भाडे ठरवले, तो व्यवहार आहे. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानांतील भेदभावाला बंदी आहे. 'दुकान' हा शब्द केवळ आत जाण्यापुरता नाही, अटी मान्य असणाऱ्याला सेवा मिळण्यापर्यंत व्यापक आहे, असे बाबासाहेबांनी १९४८ मध्ये संविधान सभेत स्पष्ट केले होते. मग एजंटचे ऑफिस दुकान नाही तर काय? कलम १७ तर खासगी व्यक्तीलाही लागू आहे. अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळता येत नाही, फ्लॅटच्या स्वरूपातही नाही.

तरीही पळवाट आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. पण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा 'फक्त पारशी सभासद' हा नियम वैध ठरवला. अल्पसंख्याकांच्या संस्थेसाठी दिलेला हा आधार उद्या कोणतीही जात आपल्या कुंपणासाठी वापरू शकते.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: घर विकताना व भाड्याने देताना जात-धर्मावरून नकार देणाऱ्या मालक, एजंट आणि सोसायटी या तिघांनाही जबाबदार धरणारा स्वतंत्र कायदा. नकाराचे कारण लेखी देण्याची सक्ती. तोवर आपण मेसेज जपून ठेवावेत, तक्रार एकट्याने नव्हे तर संघटनेसोबत करावी.

आणि एक गोष्ट आपल्याच लोकांसाठी. आज आपल्यातलेही काही जण फ्लॅटचे मालक झाले आहेत. त्यांच्या दारात उद्या मुस्लिम किंवा पारधी कुटुंब येईल. त्यांनाही आपण "कमिटीला विचारून सांगतो" म्हणणार असू, तर आपण फक्त घर बदलले, व्यवस्था नाही.

जय भीम!