मुक्त प्रणाली घरोघरी पोहोचेल काय?

वाराणसीच्या घाटावरील नावाडी मोबाईलवर भाडे स्वीकारतो, तेव्हा त्याच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेले लिनक्सच असते. मग घरच्या संगणकावर ते परके का? सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली २००७ पासून भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध आहे. तरी ती घरोघरी रुजली नाही. अडसर किमतीचा नसून सवयीचा आहे. फोनमध्ये लिनक्स आयते मिळाले. संगणकावर ते स्वतः बसवावे लागते. केरळने शाळांतूनच ही सवय लावली. विंडोज १० चा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या संगणकावरून बँकव्यवहार करणाऱ्या ग्राहकासाठी मुक्त प्रणाली हा सुरक्षित, काटकसरीचा पर्याय आहे. मात्र ती बसवून देणारा, अडचणीत धावून येणारा जाणकार गल्लीतच भेटला, तरच ती सामान्यांची होईल.