पाचामुखी परमेश्वर, पाच हजार अंगठ्यांत नव्हे

हॉटेलात जावे, मुकाट खावे, बिल भरावे आणि उठावे. खाल्लेल्यावर वाद घालू नये, असे सांगणारा एक शहाणा वर्ग हल्ली बंगळुरात वाढला आहे. आठवडाभर काम करून रविवारी सकाळी मल्लेश्वरम नाहीतर बसवनगुडी गाठणाऱ्या मित्रांच्या कंपूत त्याचा एक तरी प्रतिनिधी असतोच. डोशाला कोणी नावे ठेवली की तो म्हणतो, "चव ज्याची त्याची." वाद वाढला की म्हणतो, "फोन काढा, रेटिंग बघा." आणि तरीही कोणी ऐकले नाही तर नीतीवर येतो: "बिचाऱ्या हॉटेलवाल्याच्या पोटावर का पाय देता?" तिन्ही आक्षेप सभ्य आहेत. तिन्ही चुकीचे आहेत.

पहिला घेऊ. चव ज्याची त्याची असेल, तर नाटकाचे परीक्षण तरी का करायचे? रस म्हणजे काय हे समजावताना भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात दाखला घेतला तो जेवणाचा. नाना मसाल्यांनी सिद्ध झालेले अन्न जाणता माणूस चाखतो, तसा प्रेक्षक भाव चाखतो, असा त्याचा आशय. नाटकातल्या रसावर शतकानुशतके खल करणारे आपण, आणि ज्या ताटावरून तो दाखला उचलला त्या ताटावर मात्र बोलायचे नाही!

गोंधळ होतो तो आवड आणि निर्णय यांत. उडपी वळणाच्या सांबारात गूळ असतो. तो कोणाला रुचेल, कोणाला नाही. तिथे वाद फोल. पण तेच सांबार दुपारपर्यंत आंबूस झाले असेल, डोसा तवा नीट तापण्याआधीच टाकल्यामुळे चिवट झाला असेल, डिकॉक्शन वारंवार गरम करून कॉफी कडवट झाली असेल, तर ती आवडीनिवडीची गोष्ट उरत नाही. डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीवर निबंध लिहिला, त्यात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट आहे. दोन जाणकार पिंपातली वाइन चाखतात. एक म्हणतो चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. चवीच्या वादालाही तळ असतो. तिथवर पोहोचण्याइतका वेळ आणि भांडण हवे, इतकेच.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. चार टाळक्यांपेक्षा चार हजारांची सरासरी बरी, हे ऐकायला बिनतोड वाटते. पण सरासरी खरी ठरते ती मते एकमेकांपासून स्वतंत्र असतील तेव्हा. मुचनिक, अराल आणि टेलर या संशोधकांचा प्रयोग २०१३ साली 'सायन्स'मध्ये आला. एका संकेतस्थळावरच्या काही शेऱ्यांना त्यांनी सुरुवातीलाच एक खोटी पसंती चिकटवली. तेवढ्याने पुढच्यांची मते वाहवत गेली आणि अशा शेऱ्यांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगले. २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर या पत्रकाराने घरामागच्या शेडला हॉटेल म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर चढवले आणि मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहून घेतले. अस्तित्वातच नसलेले ते हॉटेल शहरात पहिल्या क्रमांकावर गेले! आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोला २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढावे लागले. दूध शुद्ध असते तर लॅक्टोमीटर कशाला लागला असता?

शिवाय त्या एका आकड्यात काय काय कालवलेले असते! पार्किंग मिळाले नाही, एसी गार नव्हता, पार्सल उशिरा आले, वेटर हसला नाही आणि हो, चटणी बरी होती. या सगळ्याचा मिळून ४.२. यातून चटणी वेगळी काढून दाखवा पाहू. टेबलावरचा मित्र "४.२" म्हणत नाही. तो म्हणतो, "चटणीत खोबरं कमी, डाळं जास्त." ते खोडता येते, तपासता येते आणि चुकलेच तर समोरच्या समोर मागे घेता येते.

पण मित्रांचा कंपूसुद्धा वाहवत जातोच की! एक मोठ्या आवाजाचा गडी "कडक!" म्हणाला की बाकीचे मान डोलावतात. हे खरे आहे. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवले की सगळे एकमुखाने चूक उत्तर देऊ लागले की डोळ्यांना धडधडीत दिसणारी रेघांची लांबीही माणूस नाकारू लागतो. मात्र त्याच प्रयोगांत गटातला एक जरी वेगळे बोलला, तरी हे होयबापण झपाट्याने ओसरले. तेव्हा प्रत्येक कंपूत एक आडमुठा हवा. मराठी कंपूत ती सोय सहसा आपोआप होते.

आता तिसरा, पोटावर पाय देण्याचा. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी सिअ‍ॅटलमधल्या हॉटेलांचा अभ्यास केला. येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरचा एक तारा वाढला की स्वतंत्र हॉटेलांचे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे घटला की काय होत असेल ते सांगायला नको. तर मग पोटावर पाय नेमका कोण देतो? तोंडासमोर कारण सांगून भांडणारा मित्र, की रिक्षात बसल्या बसल्या एक तारा टेकवून मोकळा होणारा अनामिक? हॉटेलवाल्याची खरोखर कणव असेल, तर तारे बंद करा आणि गल्ल्यावर जाऊन सांगा, "आज चटणी नेहमीसारखी नव्हती."

इथवर खंडन झाले. पण आमच्याच बाजूच्या मंडळींचा कानही पिळायला हवा, कारण मराठी कंपू न्यायाला बसला की पुण्या-मुंबईची फूटपट्टी खिशातून काढतो. शंकरपुरमच्या ब्राह्मिन्स कॉफी बारमध्ये इडली-वड्याबरोबर सांबार मिळत नाही, चटणीच मिळते. "सांबार नाही म्हणजे काय!" हा तिथे न्याय नव्हे, हट्ट झाला. ज्याने सर्व पणाला लावले आहे ते चटणीवर, त्याची परीक्षा चटणीवरच घ्यावी.

दोन्ने बिर्याणीचेही तेच. पानाच्या द्रोणात येणारी, बारीक तांदळाची, पुदिना-कोथिंबिरीने हिरवी झालेली ही बिर्याणी. तिला केशर आणि लांब दाण्याचा बासमती नाही म्हणून नापास करणारे हैदराबादचा पेपर बंगळुराच्या विद्यार्थ्याला देतात. गंमत अशी की ही बिर्याणी देणारी, जयनगरच्या शिवाजी मिलिटरी हॉटेलासारखी ठिकाणे इथल्या मराठा कुटुंबांनी चालवलेली. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली ती १६३८ नंतर. तेव्हापासून मराठी माणसे या शहराच्या वस्तीत मुरली आहेत. इथे "आपलं" काही मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्याने आधी त्या द्रोणात बोटे घालावीत.

आणि अस्सलपणाच्या भक्तांसाठी रवा इडली. दुसऱ्या महायुद्धात तांदळाचा तुटवडा पडला तेव्हा रव्याची इडली करून पाहिली, असे मावळ्ळी टिफिन रूम, म्हणजे एमटीआर, सांगते. इडली तांदूळ-उडदाचीच, असा निकाल तेव्हाच्या गिऱ्हाइकांनी दिला असता तर संपलेच होते. त्यांनी खाऊन पाहिले आणि मग ठरवले.

न्यायाची रीत एवढीच: जे हॉटेल जे करते तेच तिथे मागवा, त्याच्या वेळेला जा, कारणाशिवाय शेरा मारू नका. बंगळुराने यासाठी एक उत्तम सोयही करून ठेवली आहे, ती 'बाय-टू'. एक कॉफी दोघांत, एक खारा बात, म्हणजे तिखट उपमा, दोघांत. थोड्या पैशांत सगळ्यांना सगळे चाखता येते आणि एकाच पदार्थावर दोन साक्षी मिळतात. शिवाय एकदा खाऊन निकाल देऊ नये. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भांडे एकच असते. हॉटेलात रोज नवे पीठ आंबते.

या रीतीचा पुरावा शहरभर उभा आहे. एमटीआर १९२४ चे, गांधीबाजारातले विद्यार्थी भवन १९४३ चे. झोमॅटोचा जन्म, वेगळ्या नावाने का होईना, २००८ चा. मधली सहा-आठ दशके कोणत्या ताऱ्यांनी गिऱ्हाईक आणले? आणीबाणीत सरकारने खाण्याच्या दरांवर मर्यादा घातली, तेव्हा त्या दरांत दर्जा राखणे एमटीआरला अवघड झाले आणि घराण्याने तयार पिठांच्या धंद्याकडे मोर्चा वळवला. ताटात पाणी वाढवणे सोपे होते. पण पाणी वाढले की रोजच्या टेबलावरचे लगेच ओळखतील, याची धास्ती मालकाला असणार. ती धास्ती चार तोंडांनी निर्माण केली होती, चार हजार अंगठ्यांनी नव्हे. या चाळणीतून काही चांगली हॉटेलेही गळाली असतील. पण जी राहिली ती कोणाला न विचारता आजही भरलेली असतात.

तेव्हा भांडा. मोठ्याने, कारणांसकट, इडली गरम आहे तोवर भांडा. आणि निकाल फोनवर नोंदवू नका. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच दारात रांगेला उभे राहणे किंवा न राहणे, एवढाच निकाल हॉटेलवाल्याला वाचता येतो आणि तेवढाच तो मानतो.